सोडलेली ओळ

"इचारल्याबिगर सांगू नगं, बाई. आन् कुनी इचारलं, तर न्हाई म्हनू नगं."

गुणाबाईला जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण तिचा हा आवाज गुरम्माबाईंच्या पहाटेत अजून मुक्कामाला होता. स्नान झालं, कपाळी भस्म ओढलं, तळहातावर लिंग घेऊन पूजा झाली, ते पुन्हा वस्त्रात बांधून गळ्यात घातलं, की तो आवाज यायचाच. मग गुरम्माबाई एक ओळ म्हणत. मोठ्यानं नाही, नुसते ओठ हलत. ती म्हणून झाल्यावरच तांब्यातलं पाणी तोंडाला लावायचं, असा त्यांचा नेम. तापात मोडला नाही, की कॉलेजातून निवृत्त झाल्या त्या दिवशीच्या गडबडीतही मोडला नाही.

ती ओळ आता त्यांच्याखेरीज कुणालाच येत नव्हती.

घर लातूरच्या ट्यूशन एरियात. बांधलं तेव्हा कुंपणापलीकडं ज्वारी उभी असे. आता चारी बाजूंनी होस्टेलं, मेस, अभ्यासिका, आणि डॉक्टर होऊ घातलेल्या पोरांच्या फोटोंचे फ्लेक्स. उजाडायच्या आत सायकली सुरू होत. पोरं दोन वर्षं राहायची आणि जायची. गल्लीत हजार तोंडं, पण ओळखीचं एक नाही. समोरच्या होस्टेलातल्या मुली कधी "काकू, इस्त्री आहे का?" म्हणून येत. नाव ध्यानात बसेपर्यंत त्यांची बॅच संपे.

मार्गशीर्षात नांदेडहून शेषेरावांचा फोन आला. एम.ए.ला ते आणि गुरम्माबाई एकाच वर्गात होते. आता एका संशोधन मंडळाच्या प्रकाशन समितीवर बसत.

"ताई, खुशाल आहात ना?"

"आहे. तुमचं काम काय आहे ते सांगा."

"काम भुताटकीचं आहे. इथल्या एका मुलीनं बाहेरच्याची पोथी संपादित केलीय. तुम्ही मागं आमच्याकडं जमा केली होती ती नक्कलही वापरलीय. आता समितीत दोन तट पडलेत. एक म्हणतो, जादूटोण्याचा कायदा झालाय, असलं छापून कशाला अंगावर घ्यायचं. दुसरा म्हणतो, भाषेचा ठेवा आहे. मधे मी, मृदंगासारखा. दोन्हीकडून थापा."

"मग?"

"मग ठरलं की गुरम्माताई म्हणतील ते. मोडी आणि भुतं, दोन्ही वाचणारं आता राहिलंय कोण?"

"भुतं वाचते असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"एवढी वर्षं एकट्या राहताय. कुणाशी तरी बोलत असालच की."

गुरम्माबाई हसल्या. फोन ठेवला. खरं म्हणजे दिवसाकाठी त्यांचे ओठ एकदाच कुणासाठी तरी हलत, आणि ते कुणासाठी हे त्यांनाही माहीत नव्हतं.

*

टपालानं गठ्ठा आला. वर नाव होतं, 'बाहेरच्याची पोथी: चिकित्सक आवृत्ती'. संपादक उमैमा, नांदेड. तासिका तत्त्वावर शिकवणारी मुलगी होती. ही आवृत्ती निघाली, तर तिला कुठंतरी कायम जागा मिळण्याची आशा.

आपल्याकडं कुणाला भूतबाधा झाली, की 'बाहेरचं झालंय' म्हणतात. ते उतरवायचे मंत्र या पोथीत होते. थोडे मराठी, थोडे दखनी, मधूनच कानडी. रेणुकेची आण घातली की पुढच्याच ओळीत पिराची आण, त्याच्या पुढं मल्लय्याची. जो येईल त्याला हाक मारायची, असा तो कारभार.

असल्या पोथ्यांच्या नव्या आवृत्त्या गुरम्माबाईंनी आयुष्यभर पाहिल्या होत्या. एक वाण जत्रेतला, लाल पुठ्ठ्याचा. त्यात कवटी, त्रिशूळ आणि 'अस्सल' हा शब्द पानापानावर. पोथीत जिथं काही नाही तिथं छापणाऱ्यानं पदरचं घातलेलं. दुसरा वाण विद्वानांचा. तिथं घालत कुणी काही नसे, काढत असत. एका आवृत्तीत पीर दिसला तिथं तिथं 'प्रक्षिप्त' म्हणून कंसात टाकलेला. त्याच शहरी संपादकानं 'हाव म्हनंल तर सूत तोड' या ओळीखाली लिहिलं होतं, की हाव म्हणजे लोभरूपी पिशाच्च. आपल्याकडं पोरगंसुद्धा 'जेवलास का?' म्हटलं की 'हाव' म्हणतं. त्या बिचाऱ्यानं त्या 'होय'चं भूत करून ठेवलं. गुरम्माबाई तेव्हा वर्गात हे सांगून पोरांना हसवत. आता तेही सांगायला कुणी नव्हतं.

आवृत्तीची पारख करताना त्या प्रस्तावना कधी आधी वाचत नसत. आधी तळटीपा. प्रस्तावनेत माणूस नटूनथटून येतो, तळटीपेत तो घरच्या कपड्यांत असतो, असं त्यांचं म्हणणं.

उमैमाच्या तळटीपा त्यांनी पूजेनंतरच्या शांततेत, ओसरीवरच्या उन्हाला पाठ देऊन वाचल्या. 'हाव: होय. लोभ नव्हे.' एवढंच, आधीच्यांना टोमणा न मारता. पीर जागच्या जागी. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही, तिथं मुलीनं दोन्ही वाचनं दिली होती आणि कुठलं खरं ते ठरत नाही, हे सरळ कबूल केलं होतं. मुदखेडच्या प्रतीत असं, लोह्याच्या प्रतीत तसं, गुरम्माबाईंच्या नकलेत आणखी तिसरंच. कुठं उगाच विद्वत्ता नाही. भूत आहे की नाही यावर अवाक्षर नाही. गुरम्माबाईंना बऱ्याच दिवसांनी घरात कुणीतरी येऊन बसल्यासारखं वाटलं.

मग त्या शेवटून दुसऱ्या पानावर आल्या. तिथं कंसात छापलं होतं: 'येथे एक ओळ गळालेली.'

त्यांनी गठ्ठा मांडीवर ठेवला. चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा घातला. अक्षर तेच होतं.

आता प्रस्तावना वाचणं भाग होतं. परीक्षेत तीन पोरांनी एकाच जागी एकच चूक केली, की मास्तर ओळखतो, तिघांनी एकाचंच बघून लिहिलंय. पोथ्यांचंही तसंच. मुलीनं त्याच न्यायानं मांडलं होतं. तिन्ही प्रतींत हीच ओळ नाही; म्हणजे तिन्ही एकाच फाटक्या मूळ पोथीच्या नकला. मग ती मूळ पोथी कुठली, कुणाची, ती मुदखेडहून लोह्याला आणि तिथून तेरणेकाठी कशी पोचली, असा सुंदर वंशवृक्ष तिनं उभा केला होता. निम्मी प्रस्तावना त्या झाडाखाली बसली होती.

आणि झाड खोटं होतं. ओळ गळाली नव्हतीच.

*

भूकंप झाला तेव्हा गुरम्माबाई लातुरात होत्या. त्यांचे वडील बसलिंगप्पा आधीच गेलेले. तेरणेकाठच्या गावात आई होती, बहीण होती, बहिणीचं लेकुरवाळं घर होतं. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक उशिरा निजले होते. पहाटे दगडमातीची घरं अंगावर आली. गुरम्माबाई पोचल्या तेव्हा त्यांचं घर कुठलं, हे चिंचेच्या झाडावरून ओळखावं लागलं.

नंतर पत्र्याच्या शेडांची वस्ती झाली. कॉलेजातल्या लोकांबरोबर त्या मदतीला जात, कपडे वाटत, नावं लिहून घेत. कामाला वाघ होत्या. सगळे म्हणत, बाई खंबीर आहेत.

तिथं गुणाबाई भेटली. शेजारच्या गावची म्हातारी, कोरडी, ताठ, तंबाखूनं दात काळे झालेली. ढिगाऱ्यातून तिच्या सासऱ्याची पोथी फडक्यासकट निघाली होती. गुणाबाईला अक्षर येत नव्हतं, पण पोथी सगळी पाठ. गुरम्माबाई मोडी वाचायच्या, म्हातारी मान हलवायची, गुरम्माबाई नक्कल उतरून घ्यायच्या.

एका पानावर एका ओळीची जागा मोकळी दिसली. तिथं कागद पिवळा पडलेला.

"इथं ओळ गळालीय," गुरम्माबाई म्हणाल्या.

"गळाली न्हाई. सोडलीया."

"म्हणजे?"

"ती वळ कागदावर घालत न्हाईत. लिवनारा तेवढी जागा सोडून हळद लावतो. ती तोंडात ऱ्हाती. तू बी सोड, आन् हळद लाव."

"पण का सोडायची?"

"कागद कुनाच्याबी हाती लागतो, बाई. ती वळ बाहेरच्याला आत आनायची हाय. चार लोकांत वाचून दावायची न्हाई."

"बाहेरचं म्हणजे भूत ना?"

म्हातारीनं शेडांच्या रांगेकडं बोट केलं. कितीतरी बाया दाराबाहेर बसल्या होत्या. पत्र्याखालीसुद्धा जायला तयार नव्हत्या. समोर ताट ठेवलं तर बघत बसायच्या. "त्या काय भुतं हायत? मानूस बाहेर राहून जातं, बाई. घर असून बाहेर. त्याला बाहेरचं म्हनत्यात. लोकांनी त्याचं भूत केलं." मग तिनं गुरम्माबाईंकडं नीट पाहिलं. "तू रातीला कुठं निजतीस?"

लातूरचं गुरम्माबाईंचं घर धड उभं होतं. एक तडासुद्धा नव्हता. पण त्या दिवसापासून त्या अंगणात खाट टाकून निजत होत्या, आणि हे त्यांनी कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

"इचार मला," गुणाबाई म्हणाली. "इचारल्याबिगर सांगता येत न्हाई."

बऱ्याच वेळानं गुरम्माबाईंनी विचारलं. म्हातारीनं त्यांचं डोकं जवळ ओढलं आणि कानात ती ओळ सांगितली. तिच्यात देवाचं नाव नव्हतं, आण नव्हती, धमकी नव्हती. एवढ्या भयंकर पोथीच्या पोटात इतकं साधं वाक्य असेल असं कुणाला वाटलं नसतं. तिन्हीसांजेला अंगणात खेळत राहिलेल्या लेकराला आई ज्या सुरात हाक मारते, त्या सुरातली ती ओळ होती. तंबाखूचा वास आणि कानाला लागलेला गरम श्वास. गुरम्माबाई तिथंच, आई गेल्यापासून पहिल्यांदा, रडल्या. त्या दिवशी लातूरला येऊन त्यांनी खाट आत नेली.

मंत्राचा गुण की कुणीतरी आपल्याला 'ये' म्हणण्याचा, हे त्यांनी कधी तपासलं नाही. महादेवाच्या दारात असला हिशेब करू नये, असं त्यांना वाटे.

शेवटच्या भेटीत गुणाबाई खाटेवर होती. तेव्हा तिनं ते दोन्ही नियम घालून दिले, आणि म्हणाली, "पुढं दे, गुरम्मा. एका तोंडात मरू देऊ नगं." गुरम्माबाईंनी तिच्या हातावर हात ठेवून शब्द दिला.

तो शब्द पाळायचा कसा, हेच कळत नव्हतं. शेडांतले लोक पक्क्या घरांत गेले. बाहेर बसणाऱ्या बाया एकेक करून आत गेल्या, किंवा वर गेल्या. वर्गातली पोरं विचारत ते परीक्षेला येणारं. पुढं पोरं मराठीच्या वर्गात यायचीच थांबली. कुणी विचारलं नाही. आणि इतकी वर्षं एकाच तोंडात राहिलेल्या ओळीचं काय होतं, हे प्रती ताडून पाहण्यात जन्म घालवलेल्या बाईला ठाऊक होतं. शब्द सरकतात. रोज म्हणूनही सरकतात. ताडून बघायला दुसरी प्रत नसली, तर सरकल्याचं कळतही नाही.

*

दोन दिवस अभिप्रायाचा कागद कोराच राहिला.

'छापा' म्हणावं, तर खोट्या झाडाला आपल्या सहीचं पाणी घातल्यासारखं. 'प्रस्तावना चुकली' म्हणावं, तर कशी चुकली ते सांगावं लागणार. ओळ सोडायची रीत सांगितली, की मुलगी विचारणार, ती ओळ कुठली? संपादकच ती, विचारणारच. आणि विचारलं तर नाही म्हणता येत नाही. मग ती ओळ छापली जाणार, आणि वर्षभरात लाल पुठ्ठ्याच्या पुस्तकात कवटीखाली येणार.

शेवटी त्यांनी शेषेरावांना फोन केला. "मुलीला एकदा पाठवा. समोरासमोर बोलते."

"पास का नापास एवढं सांगा की. तुमचं क्लासांचं गाव सगळ्यांचा निकाल एका वाक्यात लावतं."

"म्हणूनच मी दोन वाक्यं घेते," गुरम्माबाई म्हणाल्या.

उमैमा रविवारी एसटीनं आली. तिशीतली, बारीक, ओढणी डोक्यावर नीट घेतलेली. येताना बेकरीतली नानखटाई आणली होती. चहा होईतो ती पुस्तकांच्या कपाटांकडं मान तिरकी करून पाहत होती. तिचे आजोबा ताहेर नांदेडात जिल्दसाज होते, पुस्तकं बांधायचे. मुदखेडची प्रत त्यांच्याकडं बांधायला आलेली आणि कुणी न्यायला आलंच नाही. तिथून या पोथीचा नाद लागला, असं तिनं सांगितलं.

"मॅडम, विचारू का? कसं झालंय?"

'विचारू' म्हटल्याबरोबर गुरम्माबाईंनी कप खाली ठेवला.

"तळटीपा वाचून मला बरं वाटलं," त्या म्हणाल्या. "आता आधी मी विचारते. ओळ गळाली हे कशावरून?"

"तिन्ही प्रतींत नाही."

"आणि जागा?"

"जागा आहे. बरोबर एका ओळीची." उमैमा थांबली. "नजरचुकीनं गळाली असती तर जागा राहिली नसती. म्हणून मी धरलं, की मूळ पोथी तिथं फाटली असणार. नकलणाऱ्यांनी जागा ठेवली."

"हं. त्या जागेवर काही दिसलं?"

"मुदखेडच्या प्रतीवर पिवळा डाग आहे. ओल लागली असेल." तिनं मोबाइल काढला, फोटो बोटांनी मोठा केला. मग दुसरा. तिच्या भुवया जवळ आल्या. "लोह्याच्या प्रतीवर पण आहे."

"आणि माझ्या नकलेवर?"

उमैमा एकदम अवघडली. "मॅडम, तुमच्या नकलेवरचा डाग मी परिशिष्टात नोंदवलाय. 'अन्नाचा डाग' म्हणून. मला वाटलं, जेवताना वरण सांडलं असेल."

गुरम्माबाईंना हसू आवरेना. किती वर्षांनी त्या ओसरीवर असं हसणं झालं. "मी पोथीजवळ जेवत नाही गं," त्या डोळे पुसत म्हणाल्या.

उमैमा हसली नाही. ती त्या पिवळ्या ठिपक्यांकडं बघत होती. "हळद आहे," ती हळू म्हणाली. "लावलेली. म्हणजे गळाली नाही. सोडलीय."

तोच शब्द. शेडातला. गुरम्माबाईंनी नुसती मान हलवली.

"म्हणजे तिघांनी बघून लिहिलं नाही."

"नाही. तिघांना एकच शपथ होती."

"मग झाड गेलं."

"गेलं. राग आला?"

"हौ," उमैमा म्हणाली. "थोडा. निम्मी प्रस्तावना पाडायची म्हणजे काय. पण चुकीची छापून निघाली असती, तर जन्मभर लपवत बसले असते." मग तिनं मान वर केली. "ती ओळ तुम्हाला येते."

हा प्रश्न नव्हता. आता ही विचारणार. विचारू नये असंही वाटत होतं, आणि विचारावं असंही, दुसरंच जास्त.

"मी विचारणार नाही, मॅडम. दादी तावीज लिहायची आमची. म्हणायची, कागज सबका, इजाजत किसी-किसी की. विचारून घेतलं तर छापावं लागेल. आमचा धंदाच तसला." तिनं गठ्ठा बांधला. "जागा मोकळी ठेवते. 'सोडलेली' असं लिहिते."

याहून चांगला संपादक त्या पोथीला मिळाला नसता. गुरम्माबाईंना ते कळत होतं, आणि तेच सलतही होतं. विचारण्याच्या लायकीचं पहिलं माणूस दारात आलं आणि अदबीनं न विचारता निघालं.

फाटकाशी उमैमा थबकली. समोरच्या होस्टेलच्या जिन्यावर पोरं दाटीवाटीनं बसून नोट्स घोकत होती.

"माझा भाऊ इथंच कुठंतरी राहायचा. जीशान. डॉक्टरकीच्या क्लासला होता."

"मग?"

"निकालाच्या दिवशी खोलीतून निघाला. घरी पोचला नाही." ती सरळ सांगत होती, पुष्कळदा सांगून गुळगुळीत झालेलं. "शोधलं सगळीकडं. अजून शोधतोय. अम्मी तेव्हापासून दाराबाहेरच्या पायरीवर बसते. आत ये म्हटलं, की असं बघते, जसं दुसऱ्याच कुणाला बोलावतोय. बोलत नाही. जेवण बाहेर न्यावं लागतं."

गुरम्माबाईंनी फाटकाची कडी घट्ट धरली. ओळ ओठांवर आली होती. रोज पहाटे ज्यांच्यासाठी ओठ हलत, ते कोण, हे त्यांना एका क्षणात कळलं. आणि लगेच गुणाबाईचा आवाज: इचारल्याबिगर सांगू नगं.

"अम्मीचं नाव काय?" एवढंच त्या म्हणाल्या.

"शहजादी."

मुलगी कोपऱ्यावरून वळली. गुरम्माबाई फाटकाशी उभ्याच राहिल्या.

*

त्या सोमवारी त्यांनी उपवास धरला आणि अभिप्राय लिहायला बसल्या. लिहिलं, की ही आवृत्ती अवश्य छापावी. मंत्र खरे की खोटे हा प्रश्न संपादकाचा नाही; मंत्र म्हणणाऱ्यांची भाषा खरी उतरली आहे का, एवढंच पाहावं, आणि ती उतरली आहे. वंशवृक्ष संपादक स्वतः मागं घेत आहेत, यातच त्यांची योग्यता दिसते.

मग त्या थांबल्या. परीक्षक म्हणून आणखी एक टिपण द्यायचं राहिलं होतं. खरंच राहिलं होतं; ती चूक शब्दार्थांच्या यादीत होती. तरी त्यांनी लेखणी उचलून पुन्हा खाली ठेवली. देवघराकडं पाहिलं. शब्दाचा अर्थ सांगणं म्हणजे ओळ सांगणं नव्हे, असं त्या मनाशी म्हणाल्या, आणि मग देवाला ऐकू जाईल असं म्हणाल्या. मग लिहिलं:

'शब्दार्थांत "बाहेरचं" म्हणजे भूतबाधा, एवढाच अर्थ दिला आहे. घर असून घरात न येणाऱ्या माणसालाही तेरणेकाठी हाच शब्द लावत, आणि पोथीचा तोच मूळ विषय असावा. संपादकांनी हा अर्थ तपासून पाहावा.'

कागद टपालात पडला. त्यानंतरचे दिवस फार लांब गेले. पूजा व्हायची, ओळ म्हणून व्हायची, पाणी प्यायचं, आणि मग फोन न वाजणारं घर.

वाजला तो भर दुपारी.

"मॅडम, तुमचा अभिप्राय शेषेराव सरांनी दाखवला," उमैमाचा आवाज होता. "ते 'बाहेरचं' वाचलं. वाचून दाराकडं बघितलं."

बोलणं आता तिच्याकडून यायला हवं होतं.

"आता विचारते. छापायला नाही. अम्मीसाठी. ती ओळ द्याल?"

एवढ्यासाठी इतकी वर्षं. गुरम्माबाईंनी भिंतीला पाठ टेकली.

"देते. पण फोनवर नाही येत. कानातच सांगायची असते. मी येते, येत्या सोमवारी."

"तुम्ही कशाला त्रास घेता, मी येऊन शिकून जाते की."

"शिकशीलच. मी सांगेन तेव्हा तू जवळ बस, कान देऊन. एकाच तोंडात राहिली, की चूक कुठं झाली ते ताडता येत नाही. तू संपादक ना?"

पलीकडून हसण्यासारखा, रडण्यासारखा आवाज आला. "हौ."

"मग झालं तर. आणि गुण येईलच, असं मी म्हणत नाही. अम्मीला एवढंच सांग, एक बाई भेटायला येतेय."

सोमवारी त्या नेहमीपेक्षा लवकर उठल्या. पूजा झाली, लिंग गळ्यात बांधलं. गुणाबाईचा आवाज आला. मग गुरम्माबाईंनी ती ओळ इतक्या वर्षांत प्रथमच मोठ्यानं म्हटली. मोकळ्या घरात स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटला. मधल्या एका शब्दाशी त्या अडखळल्या. तो असाच होता का? त्यांनी डोळे मिटले, तंबाखूचा तो वास आठवला, आणि शब्द जागेवर बसला. निदान बसल्यासारखा वाटला. यापुढं विचारायला दुसरं कुणी असेल.

पाणी प्यायल्या. पिशवीत भस्माची डबी ठेवली, दाराला कुलूप लावलं. सायकली सुरू झाल्या होत्या. समोरच्या होस्टेलातली एक मुलगी दात घासत जिन्यावर उभी होती.

"काकू, गावाला का?"

"हाव," गुरम्माबाई म्हणाल्या, आणि फाटक हळूच लोटून अहमदपूर-लोह्यावरून जाणाऱ्या नांदेडच्या गाडीसाठी स्टँडकडं चालू लागल्या.